स्वस्त एमपी३ प्लेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे ‘प्लेअर’ म्हणजे खिशात मावणारा, बटणांचा, छोट्या पडद्याचा किंवा पडदाच नसलेला साधा प्लेअर. अँड्रॉइडवर चालणारे महागडे प्लेअर यात धरलेले नाहीत. या साध्या यंत्राला स्वतःची अक्कल फार थोडी असते. फोन जे गुपचूप सांभाळून घेतो, ते येथे कॉम्प्युटरवर बसून आपल्याला करावे लागते. त्यामुळे खालच्या बहुतेक तक्रारींचे मूळ प्लेअरमध्ये नसून त्यात भरलेल्या फायलींत, कार्डात किंवा केबलमध्ये सापडते.

## घेण्यापूर्वी

फोन खिशात असताना वेगळा प्लेअर कशासाठी?

गाणे मध्येच तोडून फोन वाजत नाही, फोनची बॅटरी उतरत नाही, इंटरनेट लागत नाही. धावताना पडला किंवा प्रवासात हरवला तर फक्त प्लेअर जातो; त्याच्याबरोबर फोटो, संपर्क आणि बँकेचे ॲप जात नाही. लहान मुलांच्या हाती द्यायला, झोपताना ध्वनिपुस्तक ऐकायला, नृत्याच्या किंवा भाषेच्या सरावाला तो सोयीचा. मात्र तुमच्याकडे स्वतःच्या फायलीच नसतील आणि सगळे ऐकणे स्ट्रीमिंगवर असेल, तर घेऊ नका.

स्ट्रीमिंग ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी यात टाकता येतील का?

नाही. त्या फायली ॲपच्या कुलपात असतात आणि त्या ॲपबाहेर उघडत नाहीत. प्लेअरवर चालतात त्या सीडीवरून काढलेल्या, स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या किंवा कुलूप नसलेल्या विकतच्या फायली. ॲपलच्या आयट्यून्सवर विकत मिळणारी गाणी २००९ पासून कुलपाविना येतात, पण ती एएसी प्रकारची असतात. आपला प्लेअर एएसी वाजवतो का, ते आधी पाहा. नसेल तर ती एमपी३मध्ये बदलून घ्या.

घेताना नेमके काय पाहायचे?

सर्वांत आधी बटणे. हाताला जाणवणारी, दाबल्यावर खट्‌ होणारी बटणे असतील तर खिशातल्या खिशात गाणे बदलता येते. स्पर्शावर चालणारी सपाट बटणे दिसायला छान, पण कपड्याच्या घर्षणाने आपोआप दाबली जातात आणि घामेजल्या बोटांना दाद देत नाहीत. दुसरे, मेमरी कार्डाची खाच. आतली मेमरी बिघडली तर सहसा अख्खा प्लेअर जातो, कार्ड बिघडले तर फक्त कार्ड बदलायचे. तिसरे, फोल्डरनुसार गाणी दाखवण्याची सोय. काही प्लेअर फक्त कलाकार आणि अल्बम यांनुसार यादी दाखवतात. तुमच्या फायलींत ती माहिती नीट भरलेली नसेल तर सगळी गाणी ‘अज्ञात’ या एकाच ढिगात जाऊन पडतात.

ध्वनिपुस्तके किंवा व्याख्याने ऐकणार असाल तर ‘जिथे थांबलो तिथूनच पुढे’ ही सोय आहे याची खात्री करा. ती नसेल तर दीड तासाच्या फाइलमध्ये आपली जागा शोधताना बोट दुखते. पडदा नसलेला क्लिपवाला प्लेअर पन्नासएक गाण्यांपुरता ठीक. हजार गाणी भरून त्यातले एक शोधणे त्यावर अशक्यच.

इक्वलायझरचे दहा प्रकार, खेळ, ई-पुस्तक वाचक, फोटो पाहणे या गोष्टी खोक्यावर कितीही मोठ्या छापलेल्या असल्या तरी त्यांच्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

व्हिडिओ दिसतो का?

दिसतो म्हणण्यापुरता. बऱ्याच स्वस्त प्लेअरना एएमव्हीसारख्या खास प्रकारात, पडद्याच्या मापाला बदललेलाच व्हिडिओ लागतो. विसरून जा.

ब्लूटूथवाला घ्यावा का?

तुमच्याकडे बिनतारी इअरफोन आधीपासून असतील तर घ्या, पण तारेची खाचही असलेलाच निवडा. ब्लूटूथ सुरू असताना बॅटरी लवकर उतरते आणि स्वस्त प्लेअरमध्ये जोडणी जमवणे हा थोडा चिकाटीचा भाग असतो. इअरफोन सापडतच नसतील तर ते बहुधा शेजारच्या फोनला आधीच चिकटलेले असतात. फोनचे ब्लूटूथ बंद करा, इअरफोन जोडणीच्या अवस्थेत न्या (बहुतेकांत त्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, दिवा आलटून पालटून लुकलुकतो) आणि मगच प्लेअरवर शोध सुरू करा.

किती जीबी पुरे?

हिशेब सोपा आहे. केबीपीएस म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला किती माहिती खर्च होते; आकडा मोठा तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागते, १९२ला दीड, ३२०ला २.४. म्हणजे चार मिनिटांची गाणी धरली तर ८ जीबीत १२८ केबीपीएसची सुमारे २०००, तर ३२०ची सुमारे ८०० मावतात. फ्लॅक, म्हणजे दर्जा न गमावता साठवलेल्या फाइलचे माप गाण्यागणिक बदलते. चार मिनिटांना २५ ते ३० एमबी धरा, म्हणजे त्याच ८ जीबीत तीनशेच्या आतबाहेर. भाषण किंवा ध्वनिपुस्तक ६४ केबीपीएसवर स्वच्छ ऐकू येते आणि तासाला २९ एमबीच घेते.

कॉम्प्युटरला जोडल्यावर ८ जीबीऐवजी ७.४ दिसते, ती फसवणूक नव्हे. उत्पादक १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो, विंडोज १०२४च्या पटीत मोजते. शिवाय प्लेअरची स्वतःची प्रणाली थोडी जागा घेते.

मग फसवणूक कशी ओळखायची?

कार्डावर १२८ छापलेले, कॉम्प्युटरही १२८ दाखवतो, पण आत खरी मेमरी ८च असते. नियंत्रक चिप खोटे सांगते. पहिली ८ जीबी गाणी नीट वाजतात, त्यापुढची फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते पण वाजत नाही, किंवा जुन्या गाण्यांवरच लिहिली जाते. नवे कार्ड किंवा प्लेअर हाती येताच, गाणी भरण्याआधी, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफ३ हे मोफत साधन चालवा. ते सगळी जागा भरून लिहिते आणि परत वाचून ताडून पाहते. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, तरी परतीची मुदत संपण्याआधी हे कराच.

## फायली आणि कार्ड

कोणता फाइल प्रकार ठेवावा?

एमपी३. तो प्रत्येक प्लेअरवर वाजतो. १९२ किंवा २५६ केबीपीएस ठेवा. चालत्या वाहनात किंवा रस्त्यावर, साध्या इअरफोनवर त्यापुढचा फरक कळणे कठीण. प्लेअर फ्लॅक वाजवत असेल तरी २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झच्या फायलींवर अनेकदा अडतो. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ ठेवल्यास त्रास होत नाही.

६४ केबीपीएसचे गाणे ३२०मध्ये बदलले तर आवाज सुधारेल का?

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? फाइल पाचपट फुगेल, आवाज तोच राहील; उलट फाइल लहान करण्यासाठी दुसऱ्यांदा दाबल्यामुळे (कॉम्प्रेस केल्यामुळे) किंचित बिघडेल. मूळ सीडी किंवा फ्लॅकवरूनच नवी एमपी३ काढा.

गाणी क्रमाने का वाजत नाहीत?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचे उत्तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये नाही. अनेक स्वस्त प्लेअर नावांची वर्णक्रमाने मांडणी करतच नाहीत. कार्डाच्या अनुक्रमणिकेत फायलींची नोंद ज्या क्रमाने झाली, म्हणजे त्या ज्या क्रमाने कॉपी झाल्या, त्याच क्रमाने वाजवतात. कॉम्प्युटर मात्र आपल्याला ती यादी नावानुसार लावून दाखवतो, त्यामुळे तिथे सगळे ठीक दिसते.

उपाय असा:

१. प्रत्येक फाइलच्या नावाआधी इंग्रजी आकड्यांत क्रमांक द्या, आणि तोही समान अंकी: 01, 02, … 10. नुसते १, २, १० दिले तर वर्णक्रमाने मांडणाऱ्या प्लेअरवर १नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. शंभरावर फायली असतील तर 001पासून.

२. प्लेअरवरचा तो फोल्डर पूर्ण पुसा. जुन्या फोल्डरमध्ये एखादीच फाइल घुसवली तर रिकाम्या झालेल्या जुन्या नोंदीच्या जागी ती जाते आणि क्रम पुन्हा मोडतो.

३. कॉम्प्युटरवर फोल्डर नावानुसार लावा, सगळ्या फायली निवडा आणि ओढताना पहिल्या फाइलवरच पकड ठेवा. विंडोजमध्ये जिला पकडून ओढाल ती फाइल आधी जाते.

४. एका वेळी एकच फोल्डर कॉपी करा.

हे सगळे करूनही जमले नाही, किंवा कार्डावर शेकडो फोल्डर असतील, तर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट आणि मॅक-लिनक्सवर फॅटसॉर्ट ही साधने कार्डावरची अनुक्रमणिकाच नव्याने लावून देतात. त्याआधी गाण्यांची प्रत दुसरीकडे ठेवा. मध्येच केबल निघाली तर अनुक्रमणिका अर्धवट राहते आणि सगळे बाराच्या भावात जाते.

गाण्याचे नाव वेगळेच, किंवा चौकोन-प्रश्नचिन्हे दिसतात. का?

प्लेअर फाइलचे नाव न दाखवता तिच्या आतला टॅग, म्हणजे गाणे, कलाकार, अल्बम यांची भरलेली माहिती दाखवतो. त्या टॅगचे प्रकार आहेत. सर्वांत जुन्या पहिल्या आवृत्तीत नावाला फक्त ३० अक्षरे मिळतात, त्यामुळे लांब नावे अर्धवट तुटलेली दिसतात. आवृत्ती २.३ जवळजवळ सगळ्यांना वाचता येते. २.४ बऱ्याच स्वस्त प्लेअरना कळत नाही, आणि नेमकी काही कॉम्प्युटर प्रणाली तीच लिहितात. एमपी३टॅग किंवा किड३ या मोफत साधनात सगळ्या फायली एकदम निवडून टॅग आवृत्ती २.३ आणि अक्षरांचा प्रकार यूटीएफ-१६ अशा जतन करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

देवनागरीचे दुखणे निराळे. प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरेच भरलेली नसतील तर चौकोन दिसणारच, टॅग कितीही बरोबर असो. अक्षरे असली तरी ती जोडण्याची समज अनेकदा नसते: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. तेव्हा फायलींची आणि टॅगची नावे सरळ रोमन अक्षरांत ठेवा. आपल्या लिपीचा कितीही अभिमान असला तरी दीड इंची पडद्याशी भांडण्यात अर्थ नाही.

अल्बमचे चित्र दिसत नाही.

चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आत, साध्या जेपेग प्रकारात हवे. वेबवर मिळणारी ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेग बहुतेक प्लेअरना उघडता येत नाहीत. एखादे गाणे सुरू व्हायला उगाच दोन-तीन सेकंद घेत असेल तर त्यात अनेक एमबींचे चित्र कोंबलेले आहे का, ते पाहा.

मॅकवरून कॉपी केल्यावर प्रत्येक गाणे दोनदा दिसते आणि त्यातले एक वाजत नाही.

मॅक प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतो. मॅकला ती दिसत नाही, प्लेअरला दिसते. कार्ड काढण्याआधी टर्मिनलमधली dot_clean ही आज्ञा कार्डावर चालवा, किंवा कार्ड विंडोज कॉम्प्युटरला लावून लपलेल्या फायली दाखवण्याची सोय सुरू करा आणि त्या पुसून टाका.

६४ जीबीचे कार्ड घातले तर ‘कार्ड नाही’ म्हणतो.

३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे कारखान्यातून एक्सफॅट प्रकारात येतात, आणि स्वस्त प्लेअरला बहुधा फॅट३२च वाचता येतो. कार्ड फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय दीर्घकाळ मिळत नव्हता. तो दिसत नसेल तर रुफससारखे मोफत साधन वापरा. फॉरमॅटमुळे कार्डावरचे सगळे पुसले जाते, हे सांगायला नकोच. खोक्यावर ‘कमाल ३२ जीबी’ लिहिलेले प्लेअरही अनेकदा अशा मोठ्या कार्डावर चालतात, मात्र हमखास नाही. कार्ड मुद्दाम विकत घेण्याआधी कुणाचे तरी लावून पाहा.

फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. संगीताला ही मर्यादा कधीच आड येत नाही, तासन्‌तासांच्या डब्ल्यूएव्ही ध्वनिमुद्रणाला येऊ शकते.

प्लेलिस्ट चालतात का?

थोड्या प्लेअरवर एम३यू प्रकारच्या चालतात, तेही आतले मार्ग कार्डाच्या संदर्भाने लिहिलेले असतील तरच. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचे अक्षर त्या मार्गात राहिले की यादी रिकामी दिसते. यापेक्षा हवी ती गाणी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. जागा जाते, पण काम होते.

## कॉम्प्युटरशी जोडणी

केबल लावली की चार्ज होतो, पण कॉम्प्युटरवर दिसत नाही.

केबल बदला. चार्जिंगपुरत्या अनेक केबलमध्ये दोनच तारा असतात. माहिती नेणाऱ्या दोन तारा नसतातच. दुसऱ्या केबलनेही जमत नसेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी प्रकार पाहा. ‘एमटीपी’ असेल तर ‘एमएससी’ करा. मग तो पेनड्राइव्हसारखा उघडतो. मॅकला एमटीपी मुळात कळत नाही. मॉनिटर किंवा कीबोर्डवरची यूएसबी खाच वापरू नका, थेट कॉम्प्युटरला लावा.

‘सुरक्षितपणे काढा’ खरेच दाबावे लागते का?

हो. कॉपीची पट्टी भरली तरी शेवटचे लिखाण काही क्षण बाकी असू शकते. तसेच ओढून काढल्यास फाइल अर्धी राहते किंवा कार्डाची अनुक्रमणिकाच बिघडते. प्लेअर चालू असताना कार्ड काढू नये, तेही याच कारणासाठी.

## बॅटरी

पहिल्यांदा आठ तास चार्ज करायचा का?

नाही. हा सल्ला जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा. आताच्या लिथियम बॅटरीला त्याची गरज नाही. पूर्ण झाला की काढा.

सी-टू-सी केबलने चार्जच होत नाही. खाच खराब आहे का?

बहुधा नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये चार्जर समोरच्या उपकरणाची ओळख पटेपर्यंत वीज सोडत नाही. ही ओळख प्लेअरच्या खाचेमागे ५.१ किलोओहमचे दोन रोधक बसवून होते, आणि काटकसरीत नेमके तेच वगळले जातात. एका टोकाला चौकोनी जुनी यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी असलेली केबल वापरा, चार्ज होईल.

फोनचा जलद चार्जर लावला तर जळेल का?

साधारणपणे नाही. चार्जर वीज ढकलत नसतो, उपकरण लागेल तेवढी ओढते. आणि ५ व्होल्टच्या वरचा दाब उपकरणाने मागितल्याशिवाय चांगला चार्जर देत नाही. तरी इतक्या छोट्या बॅटरीला कॉम्प्युटरची यूएसबी खाच पुरेशी आहे.

सांगितलेले तास का भरत नाहीत?

ते तास पडदा बंद, ब्लूटूथ बंद, आवाज मध्यम आणि १२८ केबीपीएसची एमपी३ असे धरून मोजलेले असतात. पडद्याचा उजेड १० सेकंदांत बंद होईल असे करा, उजळपणा कमी ठेवा, इक्वलायझर बंद करा. सर्वांत मोठा फरक पडद्याने पडतो.

महिनोन्‌महिने पडून होता, आता सुरूच होत नाही.

बॅटरी खोलवर उतरली की तिचे संरक्षक सर्किट तिला तोडून टाकते आणि चार्जर लावल्यावरही पडदा काळाच राहतो. अर्धा-एक तास लावून ठेवा. त्या वेळात बटणे दाबत बसू नका. बऱ्याचदा जागा होतो. यापुढे दीर्घकाळ ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून, थंड जागी ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा अर्ध्यावर आणा.

पाठ फुगल्यासारखी वाटते, पडदा वर उचलला गेला आहे.

बॅटरी फुगली आहे. चार्ज करणे त्याच क्षणी थांबवा, दाबून बसवू नका, टोचू नका, कार्ड काढून घ्या आणि प्लेअर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही.

## आवाज

एकाच कानात ऐकू येते.

दुसरा इअरफोन लावा. त्यात ठीक असेल तर पहिल्याची तार पिनेजवळ तुटली आहे. त्यातही एकच कान वाजत असेल तर खाचेत कापसाचे तंतू साचले आहेत का पाहा. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने ते अलगद काढा. पिन फिरवल्यावर आवाज येतो-जातो, तर खाचेचा टाका सुटला आहे. दुरुस्ती होते, पण मजुरीपेक्षा नवा प्लेअर परवडतो का, ते आधी पाहावे.

वाद्ये ऐकू येतात, गायकाचा आवाजच गायब!

‘ग्राउंड’ची, म्हणजे दोन्ही कानांच्या सामाईक तारेची जोडणी लागत नाही. अशा वेळी दोन्ही वाहिन्यांमधला फक्त फरक कानांत येतो आणि दोन्हींत सारखा असलेला मधला आवाज, म्हणजे गायक, कटतो. पिन पूर्ण आत गेली आहे का पाहा; जाड आवरण मध्ये येत असेल तर ते काढा. माइक असलेल्या चार पट्ट्यांच्या इअरफोनमध्ये हे जास्त होते, कारण प्लेअरची खाच तीन पट्ट्यांची असते. ओळख पटवायची तर तारेवरचे माइकचे बटण दाबून धरा. गायक परत आला तर निदान पक्के. तीन पट्ट्यांच्या पिनेचा साधा इअरफोन घ्या.

एक गाणे हळू, दुसरे कानठळ्या बसवणारे.

एमपी३गेन हे साधन वापरा. ते फाइल पुन्हा न दाबता फक्त तिचा आवाजाचा निर्देशांक १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलते, त्यामुळे दर्जा घसरत नाही. ८९ डेसिबल हे त्याचे मूळ लक्ष्य आहे, तेच राहू द्या.

बास वाढवला की आवाज फाटतो.

इक्वलायझरने एखादी पट्टी वर उचलली की तिथला संकेत कमाल मर्यादेला जाऊन आपटतो. बास वाढवण्याऐवजी बाकीच्या पट्ट्या खाली आणा आणि एकूण आवाज वाढवा. त्याहून चांगले म्हणजे कानात नीट बसणारी रबरी टोपणे निवडा. फट राहिली की बास तिथूनच पळतो.

गाणे नसताना ‘स्स्स’ असा आवाज येतो.

स्वस्त ॲम्प्लिफायरचा तो स्वभाव आहे. फार संवेदनशील, १६ ओहमच्या आसपासच्या इअरफोनवर तो जास्त ऐकू येतो. ३२ ओहमचे वापरून पाहा.

आवाज एका मर्यादेपुढे जातच नाही.

काही प्लेअरमध्ये प्रदेश निवडण्याची सोय असते आणि युरोप निवडल्यास तिथल्या नियमांनुसार आवाज मर्यादित होतो. सेटिंगमध्ये मुद्दाम ठेवलेली मर्यादाही असू शकते. ती उठवण्याआधी एवढे लक्षात घ्या: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे चालते, मुलांसाठी ७५ डेसिबल. ९० डेसिबलवर ही मुदत आठवड्याला चार तासांवर येते. गोंगाटात आवाज वाढवण्यापेक्षा बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन घ्या.

चार्ज करत करत गाडीच्या स्पीकरला जोडला की गुणगुण येते.

चार्जिंगची आणि आवाजाची तार मिळून एक बंद वळसा होतो आणि गाडीच्या विजेचा गोंगाट त्यात शिरतो. चार्जिंग काढा, किंवा आवाजाच्या तारेत हा वळसा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

## रेडिओ आणि ध्वनिमुद्रण

एफएम खरखरते.

इअरफोनची तार हाच त्याचा ॲण्टेना. ती गुंडाळून न ठेवता मोकळी, सरळ सोडा. ब्लूटूथ इअरफोनवर रेडिओ ऐकायचा असला तरी खाचेत तार हवीच.

वर्गातले बोलणे ध्वनिमुद्रित करता येईल का?

येईल, दोन मीटरच्या आत बसलात तर. त्यापलीकडे पंख्याचा आवाज जास्त आणि बोलणे कमी. प्लेअर कापडावर ठेवा, बाकावर थेट नको. पेन ठेवल्याचा आवाजही दणका देतो. ध्वनिमुद्रण बटणाने थांबवून जतन करा. बॅटरी मध्येच संपली तर फाइल शून्य लांबीची दिसू शकते.

## अडला तर

पडदा गोठला, कोणतेच बटण चालत नाही.

आधी बाजूची ‘होल्ड’ कळ सरकलेली नाही ना, ते पाहा. मग चालू-बंदचे बटण १५ सेकंद दाबून धरा. अंगावर सुईएवढे ‘रीसेट’चे छिद्र असेल तर कागदाच्या टाचणीने हलके दाबा, माइकचे छिद्रही तसेच दिसते, म्हणून नीट वाचून दाबा. बटणेच नसल्यासारखा वागत असेल तर बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि मग चार्जर लावा.

सुरू होताना ‘यादी तयार होत आहे’वर अडकतो.

एखादी तुटकी फाइल किंवा बिघडलेला टॅग वाचताना तो अडखळतो. कार्ड काढून सुरू करा. सुरू झाला तर दोष कार्डावर आहे. कॉम्प्युटरवर कार्डाची त्रुटी तपासणी चालवा. उपयोग झाला नाही तर निम्मे फोल्डर बाहेर काढून पाहा, मग उरलेल्यांतले निम्मे, असे करत दोषी फाइलपर्यंत पोहोचा. हजार गाण्यांतून दहा फेऱ्यांत ती सापडते.

फर्मवेअर अपडेट करावे का?

फर्मवेअर म्हणजे प्लेअरच्या आतली, त्याला चालवणारी प्रणाली. चालू प्लेअरला हात लावू नका. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन स्वस्त प्लेअरमध्ये वेगवेगळ्या चिप असतात, आणि दुसऱ्याचे फर्मवेअर टाकले की प्लेअर कायमचा बंद पडतो. रॉकबॉक्स हे मोफत पर्यायी फर्मवेअर चांगले आहे, पण ते ठरावीक मॉडेलांवरच चालते: सॅनडिस्कच्या क्लिप प्लस आणि क्लिप झिपवर चालते, क्लिप जॅमवर नाही. मॉडेलचे पूर्ण नाव यादीत असेल, बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि गाण्यांची प्रत दुसरीकडे असेल, तरच पुढे जा.